चपलांपाशी थांबायचं

आक्कांचं घर ओळखायचं ते दारावरच्या पाटीवरून नव्हे, दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवरून. सांगलीत विश्रामबागेत आम्ही वीसेक वर्षं त्यांच्या समोरच्या दारात राहिलो, पण त्या स्टँडवर कधी एक चप्पल तिरकी पाहिल्याचं मला आठवत नाही. स्टँड लोखंडी, पोपटी रंगाचा, घराच्या भिंतीला लावून ठेवलेला. आण्णांनी तो पेठेतल्या कुठल्याशा वेल्डरकडून करवून घेतला होता. आण्णा म्हणजे आक्कांचे यजमान, हळदीचे अडते. आण्णा गेले, दुकान पुतण्यांकडं गेलं, स्टँड आक्कांकडं राहिला. त्यावर मजल्यावरच्या सगळ्यांचा हक्क होता आणि प्रत्येकाचा कप्पा ठरलेला होता. माझा दुसऱ्या ओळीत डावीकडचा. एकदा केबलवाल्यानं त्यात बूट ठेवले, तर आक्का आतूनच ओरडल्या, "त्यो भाऊजींचा हाय. तुमी खाली ठेवा." आतून त्यांना कसं दिसलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

कुणी चपला काढून आत गेलं, की आक्का बाहेर येऊन त्या वाकून फिरवून ठेवायच्या. टाचा भिंतीकडं, बोटं जिन्याकडं. निघताना माणसानं नुसते पाय सरकवावेत आणि चालू पडावं. मी एकदा चिडवलं, "आक्का, म्हणजे पाहुणा लवकर जावा असंच ना?"

"आवं, लवकर न्हवं. सुखानं जावा."

एकच जोड उलटा असायचा. सर्वांत वरच्या कप्प्यात एका कॉलेजच्या मुलीच्या, पट्टा उसवलेल्या सँडल होत्या. आक्कांची एकुलती एक मुलगी सुनंदा इंजिनियर होऊन जर्मनीला गेली, त्या सँडल तिनं इथं टाकलेल्या. आक्का दर आठवड्याला त्या पुसायच्या आणि बोटं घराकडं, टाचा जिन्याकडं अशा ठेवायच्या. का, ते मी विचारलं होतं. "तिला जायाचं न्हाई, यायाचं हाय," असं म्हणून त्या आत गेल्या.

चपलांच्या बाबतीत आक्कांचा आणखी एक कायदा होता, आणि तो सुनंदाच्या जन्मापासूनचा नसला तरी तिच्या पाचव्या वर्षापासूनचा होता. कुठल्याशा गावी जैनांच्या पंचकल्याणिक पूजेच्या गर्दीत सुनंदा हरवली. आण्णा व्यासपीठाकडं धावले, आक्का स्वयंपाकाच्या मांडवाकडं, माइकवरून नाव पुकारून झालं. पोरगी सापडली ती मांडवाच्या दाराशी, हजारभर चपलांच्या ढिगात, आण्णांच्या वहाणांवर डोकं ठेवून झोपलेली. उठल्यावर म्हणाली, "तुमी चपला घालायला येणारच की." तेव्हापासून त्या घराचा नियम झाला: हरवलं तर चपलांपाशी थांबायचं. बाहुबलीच्या डोंगरावर, लग्नात, प्रदर्शनात, कुठंही. मोबाइल आले तरी आक्कांनी नियम बदलला नाही. मोबाइलची बॅटरी संपते, चपलांची संपत नाही, हे त्यांचं उत्तर असे.

अंगानं आक्का बुटक्या, गोऱ्या, चालायला लागल्या की थांबवणं अवघड. इरकल साडी, चष्म्याला मागून दोरी, आणि आवाज असा की त्यांनी गॅलरीतून रिक्षा बोलावली की दोन रिक्षा यायच्या. जैन रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, त्याला त्यांच्यात अंथऊ म्हणतात. त्यांच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला की माझी बायको मंगल गच्चीवरचे कपडे काढायला जायची. कांदा, बटाटा, जमिनीखाली वाढणारं काहीही वर्ज्य, वाळवलेली हळद आणि शेंगदाणे तेवढे चालायचे. शिवाय त्यांना साखरेचा आजार होता. दुपारी बाराच्या आत पोटात काही गेलं नाही तर हात थरथरायला लागायचे. एकदा तर गॅसपाशीच चक्कर येऊन बसल्या होत्या, आणि मंगल ताकाचं भांडं परत करायला गेली म्हणून निभावलं.

अशा बाईला सुनंदानं मे महिन्यात न्यूरेंबर्गला बोलावलं. आक्का म्हणाल्या, "मी एकटी इमानात बसणार न्हाई. समोरची दोघं येणार असतील तर येती." समोरच्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं. पण मंगलची बॅग माझा विचार संपायच्या आधीच भरून तयार होती. मग मीही नकाशे काढले, चर्चांचा इतिहास वाचला, कुठल्या दिवशी काय पाहायचं ते ठरवलं. असल्या कामात मला सुख वाटतं, आणि तेवढं सुख कुणी हिरावून घेऊ नये असं माझं म्हणणं असतं.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीला लोकांना बूट काढून ट्रेमध्ये ठेवायला लावत होते. आक्का खूश झाल्या. "बघा, हितं रीत हाय," म्हणून त्यांनी आपल्या कोल्हापुरी चपला ट्रेमध्ये जोडीनं ठेवल्या, बोटं पुढं करून. पलीकडं मशीनमधून चपला बाहेर आल्या तेव्हा त्यांनी त्या मशीनला हात जोडले. मशीनपाशी उभा असलेला जवान हसला आणि त्यानंही हात जोडले.

न्यूरेंबर्ग हे चालत पाहायचं गाव. मधून पेग्निट्झ नावाची नदी जाते, आमच्या कृष्णेच्या मानानं ओढाच. अलीकडं दोन मनोऱ्यांचं एक प्रचंड चर्च, पलीकडं दुसरं, मधे भाजी बाजाराचा चौक, वर टेकडीवर किल्ला. पहिल्या दिवशी आम्ही अलीकडच्या चर्चला गेलो. मी दारावरच्या दगडी मूर्तींविषयी सांगायला सुरुवात केली आणि मागं वळलो, तर आक्का पायरीच्या कडेला चपला काढून अनवाणी उभ्या.

"आई, इथं काढत न्हाईत," सुनंदा दबक्या आवाजात म्हणाली. "सगळे बूट घालूनच जात्यात. चालतं."

"त्येंच्या देवाला चालत आसंल. माझ्या पायांना चालंना त्याला मी काय करू?"

त्या आत गेल्या. आत खांब असे उंच, की मान दुखेपर्यंत वर पाहावं. रंगीत काचांतून ऊन फरशीवर पडलं होतं. मी माहिती सांगत राहिलो, आणि आक्का एका बाकावर बसून डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत राहिल्या. मेणबत्त्या लावणाऱ्या लोकांकडं पाहून त्यांनी विचारलं, हे काय मागतात? सुनंदा म्हणाली, ज्याचं त्याचं. "आपल्यात मागत न्हाईत. नुसता नमस्कार करायचा आन् घरला जायाचं," असं म्हणून त्या उठल्या. बाहेर आलो तर चपला गायब. कुणीतरी विसरल्या असं समजून तिथल्या सेवकानं त्या सापडलेल्या वस्तूंच्या पेटीत नेऊन ठेवल्या होत्या. छत्र्या, टोप्या आणि एक लहान मुलाचा मोजा यांच्यातून त्या परत मिळवेपर्यंत आमचा बराच वेळ गेला. सेवक माफी मागत होता, आक्का त्याला "असू दे, असू दे" म्हणत होत्या, आणि मधल्या मधे सुनंदा लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. तिथं खडकात खोदलेली एक फार खोल विहीर आहे. वाटाड्या तांब्याभर पाणी आत ओततो, सगळे गप्प होतात, आणि बऱ्याच वेळानं खालून आवाज येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कांनी नाही. "खोल हाय ते कळलं की. पाणी कशाला वाया घालवतोय?" त्यांनी सुनंदाला ते जर्मनमध्ये सांगायला लावलं. वाटाड्या म्हणाला, ते पाणी विहिरीतच परत जातं. यावर आक्कांनी थोडा विचार केला आणि मान्य केलं.

बाजारात त्या सर्वांत रमल्या. आण्णांबरोबर जन्म पेठेत गेलेला, त्यामुळे वजनकाटा दिसला की त्यांची मान ताठ व्हायची. मसाल्याच्या टपरीवर त्यांनी हळद चिमटीत धरून वास घेतला आणि म्हणाल्या, "ही हळद न्हाई. हळदीची आठवण हाय." त्या महिन्यात सगळीकडं पांढऱ्या शतावरीच्या जुड्या रचलेल्या असतात, अगदी खडूसारख्या. सुनंदानं हौसेनं विकत घेतली. आक्कांनी विचारलं, पांढरी का? मातीच्या ढिगाखाली वाढवतात म्हणून, सुनंदा बोलून गेली. "म्हंजे जमिनीखालची," आक्कांनी निकाल दिला. मग ती सगळी शतावरी मला आणि मंगलला खावी लागली. तीन दिवस आम्ही तीच खात होतो.

घोळ झाला तो तिसऱ्या दिवशी. नदीपलीकडच्या चर्चला आम्ही सकाळी गेलो. आक्का म्हणाल्या, आधी प्रदक्षिणा. उजव्या हाताला चर्च धरून त्यांनी बाहेरून तीन फेऱ्या मारल्या. आम्ही आपले सायकली चुकवत मागून. तिसरी फेरी संपली तिथं बाजूला एक लहान दार उघडं दिसलं, आक्कांनी तिथंच चपला काढल्या आणि आत गेल्या. पुन्हा पेटीपर्यंत जायला लागू नये म्हणून सुनंदानं मागच्या मागं त्या चपला पिशवीत गुंडाळून आपल्या सॅकमध्ये टाकल्या. आक्कांना काही बोलली नाही. बोलली असती तर वाद झाला असता, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

आत कुणीतरी ऑर्गन वाजवत होतं. चौकातल्या तिसऱ्या चर्चवर दुपारी बाराला घड्याळातल्या बाहुल्या फिरतात, ते पाहायला वेळेत पोचायचं होतं. मी पुढं, मंगल आणि सुनंदा गर्दीतून मागं, असे आम्ही मोठ्या दारानं बाहेर पडलो. मला वाटलं आक्का त्यांच्याबरोबर आहेत, त्यांना वाटलं माझ्याबरोबर. चौकात गर्दी दाटली होती. मंगलनं दशम्यांचा डबा काढला आणि म्हणाली, "आक्कांना आधी द्या, बारा वाजत आले." तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

आक्कांचा फोन सुनंदाच्या घरी चार्जिंगला. डबा, गोळ्या, खडीसाखर, सगळं मंगलच्या पिशवीत. भाषा येत नाही, पत्ता पाठ नाही, आणि पोटात सकाळी सातची भाकरी.

आम्ही पळत चर्चमध्ये परत गेलो. मोठ्या दारानं आत शिरलो, बाकांच्या ओळी पाहिल्या, खांबांमागं पाहिलं. आक्का नव्हत्या. बारा वाजले, सगळ्या गावाच्या घंटा एकदम सुरू झाल्या, आणि एरवी ज्याच्यासाठी मी लांबून आलो होतो तो आवाज मला नकोसा झाला. सुनंदा पुलाकडं गेली, मी चौकातल्या कारंज्याकडं, मंगल भाजीच्या टपऱ्यांकडं. मसाल्याच्या टपरीवरच्या बाईनं मान हलवली. अलीकडच्या चर्चच्या पायरीवर जाऊन आलो, ती पेटीसुद्धा पाहिली. नदीच्या कठड्यावरून खाली पाहायला मी धजलो नाही. आक्कांना काही झालं तर या पोरीला आम्ही कुठलं तोंड दाखवणार आणि सांगलीत त्या पोपटी स्टँडसमोरून रोज कसं जाणार, एवढंच डोक्यात येत होतं.

चौकात दोन पोलीस होते, त्यांतली एक तरुण बाई. सुनंदानं तिला गाठलं. बाई शांतपणे एकेक विचारत होती आणि सुनंदा आम्हाला कळावं म्हणून मराठीत पुटपुटत उत्तरं देत होती. वय. उंची. आजार. निळी साडी, वर करडं जाकीट. पायात काय?

सुनंदा थांबली. तिनं सॅकला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"काका," ती म्हणाली, "आईच्या चपला माझ्याजवळ हायेत. हरवलं तर चपलांपाशी थांबायचं, आणि चपलाच मी उचलून आणल्या. आता ती कुठं थांबणार?" आणि ती भर चौकात रडायला लागली. परदेशात मोठ्या हुद्द्यावर असलेली बाई, पण त्या वेळी ती मांडवात हरवलेली पाच वर्षांचीच वाटत होती.

मंगल माझ्यासारखी नकाशे वाचत नाही. तिनं सुनंदाचा दंड धरला. "रडू नको. चपला उचलल्यास कुठून? आपण निघालो त्या दारापासून?"

"न्हाई. त्या बाजूच्या... लहान दारापासून."

"ते दार पाहिलंस?"

ते दार कुणीच पाहिलं नव्हतं. आम्ही धावलो. साठी उलटलेला मी, गुडघे दुखणारी मंगल, पुढं सॅक हलवत सुनंदा आणि मागं ती पोलीस बाई. चर्चला अर्धा वळसा घातला आणि मला आधी आक्कांचा आवाजच ऐकू आला.

त्या लहान दाराच्या पायरीवर त्या मांडी घालून बसल्या होत्या. पायांवर कुणाचीतरी लोकरी शाल. शेजारी एक पांढऱ्या केसांची जर्मन आजी, हातात चाकू, मांडीवर कागद, त्यावर सफरचंदाच्या फोडी. आजी जर्मनमध्ये बोलत होती, आक्का मराठीत, आणि दोघी एकमेकींना मान डोलावत होत्या.

"लय उशीर केलासा," आक्का म्हणाल्या. "मी कवाची बसलीया. ह्या बाईनं फळ दिलं म्हणून बरं, हात कापाय लागलं हुतं. ह्येंचा ल्योक बी लांब असतोय."

"मुलगा लांब असतो ते तुम्हाला कसं कळलं?" मी धापा टाकत विचारलं.

"सारकी फोन बघती की."

सुनंदानं खाली बसून आईचे गार पाय हातात घेतले. तिनं सॅकमधून चपला काढल्या. आक्का त्यांच्याकडं पाहतच राहिल्या.

"आगं, तुझ्याकडं हायेत व्हय! मला वाटलं गेल्या. म्हटलं जाऊ देत, साडेसाती बी संगं घिऊन जाऊ देत."

"पण मग तू इथंच कशी बसलीस गं? चपला नव्हत्या ना?"

"चपला न्हाईत म्हणून जागा जाती व्हय?" आक्का म्हणाल्या. "काढल्या हुत्या हितंच न्हवं?"

सुनंदानं आईच्या पायांत चपला घातल्या आणि तिथंच पायरीवर तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. पोलीस बाईनं टोपी काढून केसांतून हात फिरवला. मला इतकं सुटल्यासारखं झालं, की मी पायरीवर बसून मंगलच्या डब्यातल्या तीन दशम्या एकामागून एक खाल्ल्या. त्या आक्कांसाठी होत्या हे नंतर लक्षात आलं. जर्मन आजीला आक्कांनी शेंगदाण्याची चटणी लावून दशमी दिली. तिनं डोळ्यांतून पाणी काढत ती संपवली आणि आणखी मागितली.

बाहुल्यांचं घड्याळ आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं. बाराचे ठोके पडले, वर मधोमध बसलेल्या राजाभोवती सात सरदार लाल कपड्यांत फिरू लागले. एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या आणि ते दारातून आत गेले. आक्कांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा भाऊजी! तीन प्रदक्षिणा. ह्येंच्यात बी हायच की. तुमच्या पुस्तकात लिवलंय का?" लिहिलेलं होतं. पण मी नाही म्हणालो.

परतल्यावर आक्का पूर्वीसारख्याच राहिल्या. भाकऱ्यांचा आवाज, अंथऊ, रिक्षाला हाका. सुनंदाचा फोन रोज यायला लागला, एवढाच फरक. त्या आजीचाही फोटो येतो म्हणे, सुनंदा अधूनमधून तिला भेटते.

गेल्या वर्षी मुलानं साताऱ्यात घर घेतलं आणि आम्हाला बोलावलं. सामानाचा टेम्पो आला, घर रिकामं झालं. मंगल आक्कांच्या गळ्यात पडून रडून घेऊन खाली उतरली. मी नवे बूट घातले होते. आक्का दारात उभ्या होत्या.

"भाऊजी, तुमचा जुना जोड कुठाय?"

"टाकायला काढलाय. टाच गेलीय त्याची."

"टाकू नगा. हिकडं द्या."

मी कचऱ्याच्या पिशवीतून तो काढून दिला. बरं वाटत नव्हतं, म्हणून काहीतरी विनोद करावा असं वाटलं, पण जमला नाही. "येतो आक्का," एवढंच म्हणालो.

"या. सातारा काय लांब न्हाई."

जिन्याच्या वळणावर मी थांबून वर पाहिलं. आक्का वाकून पदरानं माझा जोड पुसत होत्या. मग दुसऱ्या ओळीतल्या डावीकडच्या कप्प्यात त्यांनी तो ठेवला, जरा पाहिलं, पुन्हा उचलला आणि फिरवला. बोटं घराकडं, टाचा जिन्याकडं.